सही आपली, तर कागदही आपला



घरकर्जाचा हप्ता झेपेनासा झाला की घरातली माणसं आधी गप्प होतात. मंदिरात, समाजात कळलं तर काय, ही भीती असते. मग कुणीतरी हळूच एजंटाचा नंबर देतं. यांचा पगार कमी झाला तेव्हा आमच्याकडेही एक एजंट आला. म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त सह्या करा, बाकीचं मी पाहतो." त्या 'बाकीच्या'त माझ्या नावाने शिकवणी वर्गाचं उत्पन्न दाखवायचं होतं. मी तर एकही शिकवणी घेत नाही!

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा कागद करणं. स्वाध्यायात आपण हा शब्द कितीदा ऐकतो, पण तो थेट बँकेच्या फॉर्मवर येऊन बसेल असं वाटत नाही. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. त्यामुळे नागपुरातही पुष्कळ घरं आपल्या नावावर आहेत. नाव आपलं, सही आपली, मग खोट्या कागदाचा दोष एजंटाच्या माथी कसा जाईल?

एजंटाला चहा देऊन निरोप दिला आणि अर्ज आम्हीच लिहिला. काम वाटतं तेवढं अवघड नाही.

आधी बँकेकडून कर्जखात्याचा उतारा घ्या. मुद्दल किती उरलं, व्याजदर किती, हप्ते किती बाकी, हे त्यात कळतं. बदलत्या व्याजदराच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 ला नियम केला आहे. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की थोडं थोडं दोन्ही करायचं, हा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यायचा असतो. दर तिमाहीला हिशोबही द्यायचा असतो. उत्पन्न घटलं म्हणून हप्ता कमी करून मागणं मात्र वेगळं. तो आपला हक्क नाही, विनंती आहे. म्हणून ती वेळेत करावी. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं बुडीत वर्गात जातं, आणि मग बँक 60 दिवसांची जप्तीपूर्व नोटीस काढू शकते.

अर्ज एका पानाचा पुरे. उत्पन्न किती होतं, आता किती आहे, कशामुळे घटलं, किती हप्ता नक्की भरू शकतो. सोबत पगारपत्रकं, सहा महिन्यांचं पासबुक आणि घरखर्चाचा खरा हिशोब. दुसरी प्रत नेऊन तिच्यावर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्यायची. उत्तर आलं नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, आणि तिलाही 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. हप्ता कमी करायचा की नाही हा निर्णय मात्र बँकेचाच राहतो.

आणि कमी हप्त्याची किंमतही मांडून पाहा. समजा 18 लाख बाकी आहेत, दर 9 टक्के, मुदत 12 वर्षं. हप्ता साधारण 20,485 रुपये होतो. मुदत 16 वर्षं केली तर 17,721. महिन्याला पावणेतीन हजार वाचतात, पण शेवटपर्यंत साडेचार लाख रुपये जास्त जातात. शिवाय अडचणीपायी कर्जाची पुनर्रचना झाली तर तशी नोंद सिबिलमध्ये होते. म्हणून गरजेपुरतीच मुदत मागा. परिग्रहाला मर्यादा घालतो तशी कर्जालाही घालायची.

आम्हाला मागितली त्यापेक्षा कमी मुदत वाढवून मिळाली. राहिलेला फरक काढण्यासाठी यंदा सोनं घेतलं नाही आणि गाडी विकली. चार पैसे हाती आले की मुद्दलात भरायचे ठरवलं आहे. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँक दंड लावू शकत नाही.

अर्जातला प्रत्येक आकडा मला तोंडपाठ आहे. बँकेतून फोन आला की उत्तर द्यायला मला कुणाला विचारावं लागत नाही.