दीडशे शब्द

लिहायचं ठरवून ३ महिने झाले होते. रोज रात्री मोबाईल घेऊन बसायचो, 'आपल्या शहराचं काय होणार' असं काहीतरी सुरू करायचो आणि दोन ओळींत खोडायचो. विषय डोंगराएवढा. शिवाय धाकधूक, वाचणारे सगळे ओळखीचे; उद्या नगरसेवक चहाच्या टपरीवर भेटले तर?

मग गल्लीतल्या गटाराच्या कामासाठी माहिती अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे: अर्ज एकाच विषयाचा, शक्यतो १५० शब्दांच्या आत. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'दुरवस्था', 'अनागोंदी' असल्या शब्दांना जागाच नाही. सरळ विचारायचं: काम कधी मंजूर झालं? खर्च किती? मोजमाप पुस्तिकेची प्रत द्या. पंधरा मिनिटांत लिहून झाला!

तेव्हा लक्षात आलं, इतके दिवस मी माहिती नसताना निकाल द्यायला बसलो होतो. मग हात अडणारच ना.

आता पोस्टही तशीच लिहिणार. एक गल्ली, एक प्रश्न. उत्तराची मुदत ३० दिवस. आलं की इथे टाकतो. नाही आलं तर पहिलं अपील, आणि त्याचीही पोस्ट.

तुमच्या गल्लीचा प्रश्न कोणता?