कातरलेली कड

चि. सोनू,


तुझ्या आईचा फोन होता. चित्रकला शिकलेली पोरगी आता लोकांच्या बागा आखत बसणार, हे तिला पचत नाहीये. तिची समजूत मी घालीन. तुला मात्र आल्फ्रेड पार्सन्सबद्दल सांगायचंय.

इंग्लंडमध्ये सॉमरसेटमधल्या एका डॉक्टरचा हा मुलगा, जन्म 1847 चा. आधी पोस्टात कारकून, मग चित्रकार. 1887 मध्ये त्याचं एक निसर्गचित्र चँट्री निधीतून देशाच्या संग्रहासाठी विकत घेतलं गेलं. मला मात्र त्याची रेखाटनं जास्त आवडतात, विशेषतः विल्यम रॉबिन्सनच्या ‘द वाइल्ड गार्डन’मधली. रॉबिन्सन म्हणजे कातरलेल्या झाडांचा हाडवैरी. फुलझाडं गवतात, ओढ्याकाठी सोडून द्यावीत, वाढू द्यावीत त्यांच्या मनासारखी, असं त्याचं म्हणणं. पार्सन्सनं ते चित्रांतून दाखवलं.

आणि हाच माणूस 1899 मध्ये वुल्वरहॅम्प्टनजवळ विटिक मॅनरची बाग आखायला बसला, तेव्हा काय लावलं? यू झाडांची ताठ कुंपणं, कातरून आकार दिलेली झाडं! (घरमालक मँडर कुटुंब, त्यांचा कारखाना रंग-व्हार्निशचा. चित्रकाराला याहून शोभणारं गिऱ्हाईक कुठलं?) याला कुणी तडजोड म्हणेल. मला तसं वाटत नाही. कागदाला कड आयती असते; जमिनीवर ती लावून, वाढवून, वर्षानुवर्षं कातरून मिळवावी लागते. ती पक्की असली की आतल्या गुलाबांना हवं तसं पसरता येतं.

राय गावातल्या कादंबरीकार हेन्री जेम्सच्या बागेलाही सल्ला पार्सन्सचाच. पुढे कॅप्टन पार्ट्रिजबरोबर भागीदारीत बागांचा व्यवसाय केला, पण ब्रश सुटला नाही. एलन विल्मटच्या गुलाबांवरच्या ग्रंथातली शंभरावर जलरंगचित्रं त्याचीच. रॉयल अकादमीचं पूर्ण सभासदत्व मिळालं 1911 मध्ये, म्हणजे बागा आखायला लागल्यावर कितीतरी वर्षांनी. आईशी बोलताना हे साल मला कामी येईल.

तुझा आराखडा पाहिला. मेंदीच्या कुंपणाची जागा दाखवली आहेस, उंची नाही. तीन फुटांवर ठेवलंस तर ओट्यावरून पलीकडची तगर दिसेल. पाचावर नेलंस तर नजर तिथेच अडेल. कातरायला माणूस दरमहा येणार की वर्षातून दोनदा, हे मालकांना आधी विचार. मग आकडा लिही आणि कागद परत पाठव.

तुझा,
मामा