कर्ता अध्याहृत

रे रोडला उतरून दारूखान्याकडे चालू लागलो की मला एक जाहिरात आठवते. १९७१च्या युद्धात गाजलेली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका इथेच मोडीत निघाली. तोडणी २०१४ साली सुरू झाली. २०१६ मध्ये तिचा धातू वापरल्याचे सांगत बजाजने मोटरसायकल बाजारात आणली. जाहिरातीत शौर्य होते, बातम्यांत अभिमान होता. उघड खोटे काही नव्हते; मात्र रणांगण आणि शोरूम यांच्यामधला दारूखाना गळला होता, गॅसकटरने पोलाद कापणारे मजूर गळले होते. वर्गात कर्मकर्तरी प्रयोग शिकवणारा मीही तेव्हा गहिवरलो. 'नौका तोडली गेली' या वाक्यातला कर्ता कोण, हे विचारायचे मलाही सुचले नाही.