निष्ठेचे तारण

'लॉयल्टी प्रोग्राम' या शब्दांचे मराठी करू गेल्यास 'निष्ठा' हा शब्द हाताशी येतो आणि लगेच अवघडून उभा राहतो. स्वामिनिष्ठा, गुरुनिष्ठा, फार तर पक्षनिष्ठा इथवर आपली परंपरा. विमान कंपनीवरील निष्ठा मात्र मैलांत मोजतात, आणि वेळ आल्यास ती गहाणही ठेवता येते.

वरवर पाहता मैल प्रवासाने मिळतात. प्रत्यक्षात त्यांतील मोठा वाटा क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँका घाऊक विकत घेतात आणि ग्राहकांना खर्चाच्या प्रमाणात वाटतात. कंपनीस रोख रक्कम आज मिळते; आसन द्यावयाचे ते पुढे केव्हातरी, आणि काही मैल तर न वापरताच बुडतात. हिशेबाच्या वहीत हे देणेच असते. तरीही सावकाराला त्यात मालमत्ता दिसते, कारण विमाने जमिनीवर असली तरी लोक कार्डावर किराणा भरतच असतात. साथीच्या काळात याचा प्रत्यय आला. २०२० मध्ये अमेरिकेतील युनायटेड कंपनीने आपल्या मैलांच्या योजनेच्या तारणावर ६८० कोटी डॉलर उभे केले, डेल्टाने ९०० कोटी. २०२१ च्या मार्चमध्ये अमेरिकन एअरलाइन्सने १००० कोटी. युनायटेडने तेव्हा या योजनेचे जे मूल्य सांगितले, ते खुद्द कंपनीच्या बाजारमूल्याहून बरेच अधिक होते! सावलीने देहापेक्षा जड व्हावे, तसा हा प्रकार.

पण ही युक्ती आपल्याकडे आधीच येऊन गेली होती. २०१३ साली एतिहादने जेट एअरवेजचा २४ टक्के हिस्सा घेण्याचे ठरविले, तेव्हा 'जेटप्रिव्हिलेज' ही योजना वेगळ्या कंपनीत घालून तिच्या ५०.१ टक्क्यांसाठी १५ कोटी डॉलर देण्याचेही ठरले. अडचणीतील घराने दागिना आधी मोडावा, तसेच हे झाले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे जेटचे शेवटचे विमान निघाले. योजना मात्र जिवंत राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने 'इंटरमाइल्स' असे नाव घेतले. प्रवाशांचे साठलेले मैल अन्य विमानांत, हॉटेलांत खर्च होऊ शकत होते. वेगळ्या कंपनीचा हा लाभ. ज्यांनी ती विमाने चालविली, धुतली, त्यांत सामान चढविले, त्यांच्या थकलेल्या पगारासाठी अशी वेगळी कंपनी कोणी काढली नव्हती. त्यांना दाव्यांच्या रांगेत उभे राहावे लागले. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानासाठी अपिलीय न्यायाधिकरणाचा आदेश यावयास ऑक्टोबर २०२२ उजाडले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचाच आदेश दिला.

आम्ही दोघे कोपरला राहतो, मराठी शिकवितो. विमानाशी आमचा संबंध बेताचाच. येथील माणसाची निष्ठा मासिक पासात असते. दिव्याची किंवा डोंबिवलीची गर्दी अंगावर घेत, वरच्या कोपरवरून वसईची गाडी गाठत तो वर्षानुवर्षे आगाऊ पैसे भरतो आणि त्याचा एकही मैल जमा होत नाही. (जमा झाले असते तर कोपरमधील निम्मे लोक एव्हाना लंडनला जाऊन आले असते.)

तारण हा शब्द मात्र आम्हाला विमानाआधी पतपेढीत भेटला. कायम प्राध्यापकाला पगारपत्रकावर कर्ज मिळते. आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या सहकाऱ्याचे मानधन सहा महिने थकले होते. येणे निश्चित होते, तास नोंदलेले होते, विभागप्रमुखाची सही होती. त्या कागदावर पतपेढीने काहीही देण्यास नकार दिला. 'हे येणे आहे, उत्पन्न नव्हे,' असे कारकून सौम्यपणे म्हणाला. न घेतलेल्या प्रवासाचे देणे अब्जावधींचे तारण ठरते आणि शिकवून झालेल्या तासांचे येणे ठरत नाही, याचे कारण पतपेढीच्या नियमांत नव्हते. सहकाऱ्याने अखेर पत्नीच्या बांगड्या सोनाराकडे ठेविल्या. मानधन पुढच्या वर्षी आले, व्याज वजा जाता.