बुलवर्थला जाऊन येते!

बॉस सुट्टी देत नाही, महिनाअखेर आलीय आणि लोणावळ्याचा आता कंटाळा आलाय? मग माझ्यासारखं बुलवर्थला जा. ना तिकीट, ना हॉटेल बुकिंग. फक्त एकच अडचण आहे. उतरायचं थेट शाळेच्या गेटवर!

हे गाव नकाशात शोधू नका, ते आहे 'बुली' या व्हिडिओ गेममध्ये. 'जीटीए'वाल्या रॉकस्टारने २००६ मध्ये तो प्लेस्टेशन २ वर आणला, २००८ मध्ये कम्प्युटरवर, २०१६ मध्ये मोबाइलवर. वातावरण अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचं. आपला हीरो जिमी हॉपकिन्स, वय १५. आई नव्या नवऱ्याबरोबर वर्षभराच्या हनिमूनला निघालीय आणि जाता जाता पोराला बोर्डिंगच्या दारात उतरवून गाडी सुसाट! शाळेचं ब्रीदवाक्यही कसं, तर 'कॅनिस कॅनेम एडिट'. लॅटिनमध्ये, कुत्रा कुत्र्याला खातो. आपल्याकडे निदान 'विद्या विनयेन शोभते' तरी लिहितात!

सुरुवातीला शाळेच्या बाहेर पडता येत नाही. मग गाव उघडतं आणि सायकल मारत कुठेही भटका. श्रीमंत पोरांची पॉश वस्ती, ग्रीजर्सचा कळकट मोहल्ला, जत्रेचं मैदान. झाडांची पानं गळतात, हॅलोवीन येतो, मग सगळ्या गावावर बर्फ. ख्रिसमसला आईकडून स्वेटर येतो. आई येत नाही.

पण खरा फंडा घड्याळाचा आहे. साडेनऊला आणि एकला तास. दांडी मारली की प्रीफेक्ट मागे धावतात. रात्री अकरानंतर बाहेर दिसलात तर पकडापकडी आणि दोन वाजले की जिमी असेल तिथेच झोपेने कोसळतो. डेडलाइनवाल्या दोस्तांनो, ओळखीचं वाटतंय ना?

बंदूक नाहीच. हाती गलोल, गोट्या, घाण वासाचे बॉम्ब. तरी बाजारात येण्याआधीच २००६ मध्ये प्रकरण फ्लोरिडाच्या कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी गेम बघितला आणि विक्री थांबवायला नकार दिला. बरंच झालं. कारण मोठ्यांना आक्षेपार्ह वाटलेली ती मारामारी मला फार आठवतच नाही. आठवतो तो कॉरिडॉर.

मे महिन्याची सुट्टी, डोंबिवलीत मावसभावाचा कम्प्युटर. कॉरिडॉरमध्ये दोन दांडगट एका बारक्याला लॉकरमध्ये कोंबत होते. मध्ये पडायचं की सरळ पुढे जायचं, हे आपल्या हातात. मी दर वेळी मध्ये पडायचे. दादा वैतागायचा, "अगं मिशन कर ना, काय टाइमपास करतेस?"

त्याला काय सांगणार? माझ्या वर्गात एका मुलीचा डबा रोज लपवला जायचा. महिनोन् महिने. मी दुसऱ्या बाकावर बसून सगळ्यांसोबत हसायचे. हसलं नाही तर पुढचा डबा आपला, एवढं गणित मला येत होतं.

गंमत म्हणजे जिमीही काही संत नाही. अल्जी नावाच्या घाबरट पोराला दांडगटांपासून सांभाळून न्यायचं, तर त्याचे तो पैसे घेतो! पण मोबाइलवर परत खेळायला घेतला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. इंग्लिशच्या तासाला दिलेल्या अक्षरांतून शब्द बनवायचे असतात. पास झालात की मार्क नाही मिळत. जिमीला नीट माफी मागता येऊ लागते. आधी पोरांची, पुढच्या तासांनंतर मोठ्यांचीही.

गेल्या रविवारी मी तो तास पास केला. दोनदा नापास होऊन. डबावाली मुलगी हल्ली पुण्यात असते, माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहे. तिला मेसेज टाइप करून ठेवलाय, चार ओळींचा. काल त्यातली एक खोडली. आज परत घातली.