आजीच्या गाण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर?



घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करायचे तर संगणकावर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न पालकसभेत आता वरचेवर विचारला जातो. कोणाचा मुलगा तबला शिकतो, कोणाच्या मुलीला स्पर्धेसाठी गाणे पाठवायचे असते. आमच्या घरी मात्र हा प्रश्न वेगळ्या कारणाने आला. आमच्या मातोश्रींचे वय ८४. भोंडल्याची गाणी त्यांना तोंडपाठ आहेत, आणि लहानपणापासून इंदुरात वाढल्यामुळे पितृपक्षात माळव्यातल्या मुली शेणाफुलांची संजा मांडून जी माळवी गाणी म्हणतात, तीही येतात. वहीत यातले काहीच उतरलेले नाही. चाल तर वहीत उतरतही नाही. आवाज आता वरच्या सुरावर थकतो. म्हणून ठरवले, यंदा सगळे टिपून ठेवायचे.

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ साली झाली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कोलकात्याला आले आणि गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले. त्या तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर रंगणारा राग कलावंतांना तीन मिनिटांत बसवावा लागे. तेव्हा गाण्याने यंत्रापुढे मान तुकवली, कारण इलाज नव्हता. आज इलाज आहे. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न ‘यात काय काय करता येते?’ हा नसावा. ‘आपल्याला काय टिपायचे आहे?’ हा असावा.

आमचा भाचा अभियांत्रिकी शिकतो. त्याने तीन नावे पुढे ठेवली. पहिले गॅरेजबँड. ते मोफत आहे, सुरेख आहे, पण फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालते. आमच्याकडे जुना विंडोज संगणक, तेव्हा ते बाद झाले. दुसरे रीपर. ते ६० दिवस वापरून पाहता येते आणि पुढे वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. पेटी, तबला, गायन असे निरनिराळे माइक लावून नंतर त्यांचा मेळ घालायचा असेल, तर हे फार समर्थ साधन आहे. तिसरे ऑडॅसिटी. १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी त्यावर काम सुरू केले आणि २००० साली ते सर्वांसाठी खुले झाले. ते मोफत असून विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर चालते. भाच्याचा कल रीपरकडे होता. आजीचा आवाज एका ट्रॅकवर, नातींचा दुसऱ्यावर, म्हणजे पुढे हवा तसा मेळ घालता येईल, असे त्याचे म्हणणे. ते चूक नव्हते.

पण आईंच्या कानाला हेडफोन लावून समोर माइक ठेवला, तर त्या गाईनातच. म्हणाल्या, “कानाला हे लावून मी फेर कोणाशी धरू?” भोंडला एकटीने म्हणायचा नसतोच. पाटावर हत्ती मांडायचा, भोवती फेर धरायचा, एकीने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची. मग शेजारच्या चार-पाच मुली बोलावल्या, मध्ये एकच माइक ठेवला आणि आईंना खुर्चीवर बसवले. गाणे आपोआप सुरू झाले. एक माइक, एक ट्रॅक. निवड आईंनीच करून टाकली. त्यासाठी ऑडॅसिटी पुरेसे होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अशी बरीच सॉफ्टवेअर उघडली की मिनिटाला १२० ठोके आणि चार-चार मात्रांची चौकट समोर येते. आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँसाहेब चौदा मात्रांच्या झूमऱ्यात अतिविलंबित लयीने गात. ती लय या चौकटीत कशी बसावी? आईंचे गाणेही श्वास घ्यायला थांबते, मध्येच पुढे पळते. अशा वेळी ठोक्याचा आवाज बंद करून मिनिट-सेकंदाची पट्टीच समोर ठेवावी.

ऑडॅसिटीच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातले आणि मुली इंग्रजी माध्यमातल्या. तरी पडद्यावर मराठी शब्द दिसताच मुलींनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मग गाण्यातल्या शब्दांची चौकशी सुरू झाली. सासुरवास म्हणजे काय? खिरापत ओळखायची कशी? हे प्रश्न, आईंची उत्तरे आणि हसणे, सारे त्याच फाइलमध्ये आले. भाचा ते कापणार होता. आम्ही कापू दिले नाही.

आता थोडे व्यवहाराचे. सॉफ्टवेअरइतकेच खोलीलाही महत्त्व आहे. पंखा बंद करावा, खिडक्यांना जाड पडदे लावावेत, भिंतीशी रजया टांगाव्यात. आवाजाची पातळी जरा कमीच ठेवावी. फाटलेला आवाज मागाहून नीट होत नाही, बारीक आवाज मात्र वाढवता येतो. गाण्याआधी पाच सेकंद नुसती शांतता टिपावी. तिच्या आधाराने मागची घरघर कमी करता येते, पण हे फार केले तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. मूळ फाइल वेव्ह स्वरूपात ठेवावी. एमपी३ करताना आवाजातला जो भाग गळतो, तो पुन्हा मिळत नाही. सीडीच्या दर्जाच्या स्टीरिओ ध्वनिमुद्रणाला तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. म्हणजे ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर साधारण १०० तास मावतात. प्रती तीन कराव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवावी. फाइलला गाणाऱ्याचे नाव, तारीख व गाव अवश्य द्यावे. ‘न्यू १’ नावाची फाइल दहा वर्षांनी कोणी उघडत नाही.

ज्या घरी काहीच साधन नसेल, त्यांनी मोबाइलवर टिपावे. उत्तम सॉफ्टवेअर मिळेपर्यंत थांबू नये. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी याहून चांगले येईल, आजीचा आवाज याहून चांगला होणार नाही.

विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे की, दिवाळीच्या सुट्टीत शाळेची संगणक-खोली या कामासाठी उघडी ठेवावी. विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांना, त्यांची संमती घेऊन, सोबत आणावे. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपल्या घरांनी मराठी गाणी सांभाळली, ती एकमेकांच्या तोंडून ऐकूनच. फाइल जपून ठेवावीच, पण पुढच्या भोंडल्याला त्यातली दोन गाणी तरी मुलींना यायला हवीत. एवढे झाले तर ही सारी खटपट सार्थकी लागेल.