ध्यान करा, पण बीपीची गोळी चालू ठेवा

गेल्या महिन्यात रे रोडच्या माझ्या दवाखान्यात एक मावशी आल्या. वय साठीच्या आसपास. डोकं जड, मान आखडलेली. बीपी मोजलं, १९० / ११०. छातीत दुखणं, धाप, अंधूक दिसणं, हातापायात कमजोरी असं काही नव्हतं.

"गोळी घेता ना?"

"तीन आठवडे झाले, बंद केली डॉक्टर."

नातवाने त्यांना मोबाईलवर एका परदेशी बातमीचं मराठी भाषांतर दाखवलं होतं. बौद्ध ध्यानाने रक्तदाब उतरतो, असं त्यात होतं. मावशी म्हणाल्या, "आपल्या बुद्धांचंच आहे, मग गोळी कशाला?"

मी रागावणारच होतो, पण बातमीतला फोटो पाहून गप्प झालो. समुद्रकिनारी डोळे मिटून बसलेली गोरी तरुणी! तसंच एक चित्र मी स्वतः दवाखान्याच्या भिंतीवर लावलं होतं. खाली ओळ होती, 'रोज ध्यान करा'. औषधाबद्दल एक शब्दही नव्हता.

अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने २००३ आणि २०१४ मध्ये ध्यानावर मुखपृष्ठ केलं. दोन्ही वेळा त्यावर सोनेरी केसांची गोरी तरुणीच होती. अशा बातम्यांत बौद्ध धर्म म्हणजे ताण घालवायचा उपाय, एवढंच उरतं. मावशींचा बुद्ध वेगळा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला, तो माणूस म्हणून समान जगण्यासाठी. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. त्यांचे चेहरे त्या मुखपृष्ठांवर दिसत नाहीत.

इगतपुरीचं विपश्यना केंद्र ज्यांच्यामुळे उभं राहिलं, ते सत्यनारायण गोएंका स्वतःची एक आठवण सांगत. ब्रह्मदेशात असताना तीव्र मायग्रेनवर इलाज म्हणून ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. गुरूंनी आधी नकारच दिला. डोकेदुखी बरी करण्यासाठी ही साधना नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग विज्ञान काय सांगतं? जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना ध्यानाने काही प्रमाणात कमी होतात, असं त्यात दिसलं. पण औषध किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस आहे, असा पुरावा मिळाला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१७ मध्ये हेच सांगितलं, की हृदयविकाराचा धोका कमी करायला नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून ध्यान चालेल, त्यांच्याऐवजी नाही.

म्हणून सांगतो:
- बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीपी नॉर्मल आलं, तर बहुधा ते गोळीमुळेच आलेलं असतं.
- ध्यान जरूर करा. त्यासाठी समुद्रकिनारा लागत नाही, दहा बाय दहाच्या खोलीतही जमतं.
- नैराश्य किंवा मनाचा गंभीर आजार असेल, तर दहा दिवसांच्या शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.
- बातमी वाचून काही बदलावंसं वाटलं, तर ती बातमी घेऊन डॉक्टरांकडे या.

मावशींची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. परवा बीपी १३८ / ८६ होतं. वंदना झाल्यावर दहा मिनिटं त्या शांत बसतात, तेही चालू आहे.

भिंतीवरचं चित्र मी काढलं. आता तिथे कागद आहे, 'आजची गोळी घेतली का?'